दोन ड्रॅगनांचं एक तोंड

१२ जानेवारी, रविवार

उद्याच्या सोमवारचं ओझं नाही, हे निवृत्तीचं पहिलं सुख. दुसरं अजून सापडलेलं नाही. माझे यजमान प्रेमदास दारूगोळ्याच्या डेपोतून रिटायर होऊन घरी बसलेत त्याला बरीच वर्षं झाली, त्यांना सगळी सुखं पाठ आहेत. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी नाचणगावहून पुलगावच्या स्टेशनापर्यंत फेरी. "तू बी शिकशीन हळूहळू," म्हणाले. मला नाही शिकायचं. ड्रॉइंगची बाई म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांकडून सफरचंदं काढून घेतली, आता एक वस्तू स्वतःसाठी करायची आहे.

कोणती ते ठरलेलंच आहे. विहाराच्या मंडळींबरोबर चीनला गेले होते तेव्हा एका संग्रहालयात काचेच्या एका पेटीसमोर मी इतका वेळ उभी राहिले की बस माझ्यासाठी थांबवून ठेवावी लागली, आणि परतीच्या वाटेवर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पेटीत तीन हजार वर्षांपूर्वीचा एक झाकणाचा हंडा होता, आपल्या कळशीपेक्षा जरा मोठा. अंगभर नक्षी. आधी वाटतं, एकच तोंड आहे. बटबटीत डोळे, शिंगं, वरचे दात. खालचा जबडाच नाही. मग तोंडाची एक बाजू हाताने झाकली की उरतो एक ड्रॅगन, बाजूने दिसणारा, एका पायावर उभा, शेपटी वर वळवलेली. दुसरी बाजू झाकली की दुसरा ड्रॅगन. दोघं नाकाला नाक लावून उभे आहेत आणि दोघांचं मिळून तिसरंच कुणीतरी आपल्याकडे बघतं. त्या तोंडाला तिकडे ताओत्ये म्हणतात, म्हणजे खादाड. हे नावही मागून आलेल्या लोकांनी दिलेलं. ज्यांनी ते ओतलं त्यांच्या मनात काय होतं ते कुणालाच माहीत नाही. अशा भांड्यांतून ते लोक आपल्या मेलेल्या पूर्वजांना दारू आणि अन्न वाढत.

मला तसाच हंडा करायचा आहे. चित्र नव्हे, खरा. बुद्ध पौर्णिमेला वर्ध्याला कलाशिक्षकांचं प्रदर्शन आहे, तिथे ठेवीन.

२ फेब्रुवारी

आज रूपराव ओताऱ्यांकडे गेले. देवळांच्या घंटा आणि देवीचे मुखवटे ओतणारा हा माणूस आमच्या मागच्या गल्लीत राहतो आणि इतक्या वर्षांत मी त्याच्या भट्टीची पायरी चढले नव्हते. आमचं आणि मुखवट्यांचं काम काय? आमच्या बैठकीत बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत.

रूपरावांनी माझं चित्र बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, ह्या मुखवट्याचा खालचा जबडा कुठं गेला?"

"नाहीच."

"मंग हा खाते कसा?"

"चावत नाही. नुसता गिळतो," मी म्हटलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

ते नेहमीसारखं आधी मेणात घडवून त्यावरून ओतू म्हणत होते. मी म्हटलं, नाही, चिनी लोकांसारखं मातीच्या साच्याचे तुकडे जोडून करायचं. तुकडे जिथे भिडतात तिथे उभी धार येते, आणि तीच धार त्या तोंडाचं नाक होते. साचा तसा केला नाही तर दोन ड्रॅगनांचं एक तोंड होणार कसं? धातूचं प्रमाणही मी पुस्तकातून उतरवून नेलं होतं. तांबं, कथील आणि बरंचसं शिसं. शिशाने रस पातळ होतो आणि केसाएवढ्या रेघेतही शिरतो.

"मूर्तीत आमी बी टाकतो जरासं," रूपराव म्हणाले, "पण हे लय हाय."

"रेघ उठली नाही तर माझ्या ड्रॅगनची गोगलगाय होईल."

"तुमी म्हणान तसं. मूर्ती तुमची हाय."

मूर्ती नाही हो, असं मी दोनदा सांगितलं. पण ज्याला डोळे आहेत ती मूर्ती, असा त्यांचा सरळ हिशेब आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

झालं ओतून. आनंद व्हायला हवा होता, पण रूपरावांचा हात भाजला. रस ओतताना साच्याचा जोड एका बाजूने सुटला आणि उकळत्या धातूची पिचकारी त्यांच्या मनगटावर उडाली. भट्टी तशीच सोडता येत नव्हती म्हणून दुसऱ्या हाताने ओतणं पूर्ण केलं, मग खाली बसले. पुलगावच्या दवाखान्यात मीच नेलं. जखम खोल आहे.

संध्याकाळी साचा फोडला. नक्षी अशी उठली आहे की मी रेघ न् रेघ बोटाने फिरून पाहिली. तोंडामागची चौकोनी वेटोळ्यांची भर, जिला तिकडे मेघगर्जनेची नक्षी म्हणतात, तिचा प्रत्येक वळसा स्पष्ट. फक्त जोड सरकल्यामुळे उजवा ड्रॅगन डाव्यापेक्षा किंचित वर चढलाय. त्यामुळे तोंड तिरकं झालंय, एक डोळा वर, एक खाली, आणि खोलीत कुठेही उभं राहिलं तरी एक डोळा आपल्याकडे असतोच. रूपरावांच्या बायकोने पदर डोळ्यांवर ओढला आणि म्हणाली, "आजच घेऊन जा हे."

२० फेब्रुवारी

कांता चहाला आली आणि बैठकीत न बसता दारातच उभी राहिली. कांता माझी शेजारीण, शेतावरून परतली की अर्धा तास माझ्याकडे टेकल्याशिवाय घरी जात नाही. आज तिचं लक्ष कोपऱ्यातल्या हंड्यावरून हलेना.

"ते तोंड घरात ठेवू नका बाई. त्यानं रूपरावचा हात चाखला. आता ते उपाशी नाई राहत. खाईन कोणाले तरी."

"कांता, ते काशाचं भांडं आहे. कासं. तुझ्या सासूकडे काशाचं ताट होतं की नव्हतं?"

"होतं ना."

"मग?"

"त्याले डोये नव्हते."

तिने चहा अंगणात उभ्यानेच घेतला. नंतर कळलं की ही गोष्ट पिठाच्या गिरणीपासून बसस्टँडपर्यंत पोचली आहे. माझा संताप झाला. आयुष्यभर मी वर्गात भूत, करणी, नजर यांवर बोलत आले, पोरांसमोर उताऱ्यातली लिंबं कापून खाल्ली, आणि आता माझ्याच घरात भूत निघावं. प्रेमदास म्हणाले, "बोलून काई होत नाई. वापरून दाखव." हे मात्र लाखमोलाचं बोलले.

चिंच आणि मीठ लावून हंडा आतून घासघासून लख्ख केला आणि पाण्याने भरला. आजपासून आमचं पिण्याचं पाणी यातच. उलट बरंच आहे. कासं म्हणजे तांबं आणि कथील, आरोग्याला त्याहून चांगलं काय? माझी आई काशाच्या वाटीला तूप लावून आमचे तळपाय घासायची, अंगातली उष्णता उतरते म्हणून. उद्या सकाळी कांतासमोर तांब्याभर पिणार आहे.

९ मार्च, रविवार

रोज रात्री भरून ठेवते, सकाळी दोघंही अनशापोटी पितो. विहारात बायकांना सांगितलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. कांता अजून बैठकीत येत नाही, पण मी जिवंत आहे हे ती रोज तपासून जाते.

पोट साफ होत नाही आहे. घरात बसून बसून होत असणार. शाळेत दिवसभर पायांवर असायची सवय, आता जेवून लोळणं. प्रेमदासांचंही तेच. ओवा आणला आहे.

२३ मार्च, रविवार

नंदिनी आली. सातवा महिना लागलाय. धीरजराव कारंज्याहून स्वतः गाडी चालवत सोडायला आले आणि "सासूबाई, आता जबाबदारी तुमची," असं हसत म्हणून गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. घर एकदम भरल्यासारखं वाटतं.

पोरीने आल्या आल्या हंडा पाहिला. मी तिला हात धरून एक बाजू झाकायला लावली, मग दुसरी. तिला लहानपणापासून असली कोडी आवडतात. किती तरी वेळ हात इकडे तिकडे करत होती.

"आई, हे दोघं भांडून राह्यले की बोलून राह्यले?"

इतकी वर्षं ते चित्र डोक्यात आहे आणि हा प्रश्न मला पडला नव्हता.

डोहाळे आंबटाचे आहेत. उन्हं तापायला लागलीत, बाजारात कैऱ्या आल्यात. उद्या पन्हं करते. हंड्यातच ठेवीन, गारही राहील आणि कासं पोटात गेलं तर दोन जीवांना बरंच.

६ एप्रिल, रविवार

पन्ह्याचा हंडा रोज रिकामा होतो. नंदिनी दुपारी तीन तीन ग्लास पिते. म्हणते, "फ्रीजमधलं नाई लागत असं. हे वेगळंच गोड लागते." गूळ मी नेहमीपेक्षा कमीच घातलाय. यंदाच्या कैऱ्याच गोड असाव्यात.

प्रेमदासांचं काय बिनसलंय कळत नाही. डेपोत दारूगोळ्यात नोकरी केलेला माणूस, कुणावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. आज पेपरवाल्यावर ओरडले, मग माझ्यावर, मग पंख्यावर. पोट धरून बसतात. जेवणावर वासना नाही, तोंडाला पत्र्याची चव येते म्हणाले. पत्र्याची चव त्यांना कशी माहीत, असं मी विचारलं तर उठून आत गेले. मलाही हल्ली चटकन राग येतो, आणि रात्री झोप नाही. बहुतेक एकमेकांचं पाहून होत असावं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची मिरवणूक. दरवर्षी निळा झेंडा प्रेमदासांच्या हातात असतो, तो मान त्यांचा आहे. चौकात पोचलो आणि त्यांचं मनगट लटकं पडलं, झेंडा खाली आला. बाजूच्या पोरांनी वरच्यावर धरला म्हणून जमिनीला लागला नाही. प्रेमदास आपल्या हाताकडे बघत राहिले. बोटं वर उचलायची म्हटलं तर उचलत नव्हती.

"झोपला असन हात," म्हणाले. मी पाहिलं, ते कोपऱ्यातल्या हंड्याकडे बघत होते. मी विचारलं, "तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले, "मी काई म्हटलं का?"

मी मुद्दाम त्यांच्यासमोर त्याच हंड्यातून ग्लास भरून प्यायले.

१९ एप्रिल

नंदिनीला पुलगावला डॉक्टर भावनाताईंकडे नेलं. बाई हुशार आहेत, घाईत नसतात. नंदिनीचं रक्त खूप उतरलंय. लोहाच्या गोळ्या ती आल्यापासून घेते आहे, तरी वाढण्याऐवजी कमी होतंय. पोटात मुरडा येतो, डोकं दुखतं. ताईंना ते आवडलेलं दिसलं नाही. त्यांनी खोदून खोदून विचारलं. काही जडीबुटी चालू आहे का? सुरमा? घराला नवा रंग दिलाय का? स्वयंपाकाची भांडी कसली?

"स्टील," मी म्हटलं. "आणि पाण्याला काशाचं."

"कासं तर उत्तमच," त्या म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न विचारला.

गोळी बदलून दिली. पुढच्या वेळी पुन्हा रक्त तपासायचं. बाळाची वाढही दिवसांच्या मानाने कमी आहे, द्रव पदार्थ भरपूर द्या म्हणाल्या. पन्हं दुप्पट करते.

२७ एप्रिल, रविवार

नंदिनी दुपारी कुशीवर पडून पोटावर हात ठेवून असते. मी विचारलं की म्हणते, "हलून नाई राह्यलं फारसं." मग थोड्या वेळाने, "आता हाललं." आम्ही दोघी मग उगाच हसतो.

कांता कुंपणाशी भेटली. आज ती भांडायच्या तयारीने आली होती.

"तुमाले सांगून सांगून थकली मी. प्रेमदासभाऊचा हात गेला. पोरगी सुकून राह्यली. रूपरावचा हात अजून भरला नाई. तीन हात झाले बाई. अजून किती पाह्यता?"

"नंदिनीचा हात कुठे आला यात?"

"हात नाई. तिच्या पोटात काय हाय ते पाहा."

मी तिला नको ते बोलले. अडाणी म्हटलं. पंचवीस वर्षांपासूनची शेजारीण, माझ्या आजारपणात माझं डोकं धुणारी बाई, आणि मी तिला अडाणी म्हटलं. ती कुंपणापासून वळून गेली. घरात येऊन मी हंड्यासमोर उभी राहिले. ते तिरकं तोंड. खरं लिहायचं तर मला एक क्षण भीती वाटली. त्या भीतीचा इतका राग आला की नंदिनीला हाक मारली आणि त्या तोंडासमोर बसवून ग्लासभर पन्हं प्यायला लावलं. ती नको म्हणत होती. पोट दुखतं म्हणत होती. मी म्हटलं, घे, काही होत नाही, मी आहे ना. ती प्यायली.

८ मे

हे आज लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःशी खोटं बोलेन.

प्रदर्शनासाठी हंड्यापुढे ठेवायची पाटी लिहीत होते. चांगलं ब्रशने, शाळेतल्या अक्षरात. वर नाव, 'ताओत्ये, प्राचीन चिनी कांस्यशैली'. मग दोन ड्रॅगनांबद्दल चार ओळी. त्याखाली धातू. 'तांबं' लिहिलं. 'कथील' लिहिलं. 'शिसं' लिहिलं आणि ब्रश तिथेच राहिला.

शिसं. मीच सांगितलं होतं रूपरावांना, लय हाय म्हणाले तरी घाला म्हणून. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शिसं पोटात जाऊ नये हे मी पोरांना शिकवत आले, रंगाचे ब्रश तोंडात घालू नका म्हणून छड्या मारल्या. पण ज्या दिवशी मी कांताला 'कासं' म्हटलं त्या दिवसापासून त्यातलं शिसं माझ्या डोक्यातून गेलं. कासं म्हटलं की ताट, आई, तूप, तळपाय. डॉक्टरांनासुद्धा मी तेच सांगितलं आणि त्यासुद्धा तेवढंच ऐकून गेल्या.

आणि मी त्यात आंबट ठेवलं. चिंचेने घासलं. आंबटात शिसं उतरतं आणि चव गोड होते; नंदिनीला गोड लागायचं ते काय होतं ते आता मला समजतंय.

आत ती झोपली आहे. मी पन्हं मोरीत ओतलं.

९ मे

सकाळी नंदिनीने विचारलं, "पन्हं काऊन नाई आज?"

"आंबलं होतं. फेकलं."

"काल तर ताजं होतं."

"उन्हाने आंबलं."

असं म्हणाले मी. सांगणार होते. तोंड उघडलं होतं. पण कांता कुंपणाशी कपडे वाळत घालत होती, आणि मला फक्त एवढंच दिसलं की आता अख्खं गाव म्हणणार, बाईच्या तोंडाने बाईच्या पोरीला खाल्लं. उद्या सांगते. आज दिवसभर तिला फिल्टरचं पाणी दिलं आणि हंडा पलंगाखाली ढकलला. तिने विचारलं, हंडा कुठं गेला. मी म्हटलं, प्रदर्शनाला पॉलिश करायला दिला. एका दिवसात दोनदा खोटं. आजचा एक दिवस त्या बाळाचा होता आणि तो मी माझ्यासाठी वापरला.

१० मे

सांगितलं. आधी प्रेमदासांना. त्यांनी आपलं लटकं मनगट मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "मंग मले ते झालं नाई, म्हातारपण?" त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि तेच मला सहन झालं नाही.

नंदिनीने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. तिने विचारलं, "कधीपासून मालूम हाय तुले?"

"परवापासून."

"परवा," ती म्हणाली. "मंग काल काऊन नाई सांगितलं?"

गाडी करून वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. धीरजराव कारंज्याहून परस्पर तिथे आले. माझ्याशी बोलले नाहीत, बोलू नये. आमच्या तिघांचं रक्त घेतलं, तपासणी नागपूरला होणार. डॉक्टरांनी भावनाताईंना फोन केला. ताईंचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी भांड्यांचं विचारलं होतं. मी विचारलं होतं."

१२ मे, सोमवार

आज पौर्णिमा. प्रदर्शनाला गेले नाही. सकाळी विहारात मेणबत्ती लावून आले आणि तशीच रूपरावांकडे गेले. त्यांना विचारायचं होतं, की सांगायचं होतं, मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

त्यांच्या मनगटावरची पट्टी अजून आहे. ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"तुमी त्यातलं पाणी पेत होत्या?" ते म्हणाले. "मॅडम, मी तर मूर्ती म्हणून ओतली. भांडं म्हणून सांगतलं असतं तर शिशाले हातच नसता लावला. घरच्या भांड्यात कोणी शिसं टाकते का?"

सांगितलं होतं. मूर्ती नाही असं मी सांगितलं होतं, पण त्या वेळी मलाच ते भांडं नको होतं, मला ते तोंड हवं होतं. ते खोटं बोलत नव्हते, मीही नव्हते. हंडा परत घ्या, वितळवा, असं मी म्हटलं. ते नको म्हणाले. वितळवलं तरी शिसं कुठे जाणार, ते पुढच्या घंटेत जाईल, आणि ते तोंड पुन्हा भट्टीत बघायची त्यांची हिंमत नाही.

दुपारी निकाल आला. माझा आकडा वाईट, प्रेमदासांचा त्याहून वाईट. नंदिनीचा सगळ्यांत वाईट. तिला दवाखान्यातच ठेवून घेतलंय. डॉक्टर म्हणाले, गरोदर बाईला औषध द्यावं की नाही हाच प्रश्न असतो, आणि आईच्या रक्तातलं बाळापर्यंत पोचतं. "किती पोचलं?" मी विचारलं. ते म्हणाले, "जन्मल्यावर कळेल."

१९ मे

मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच, काल पहाटे. लहानशी आहे. रडली, पण बारीक आवाजात. त्यांनी नाळेतलं रक्त घेतलं.

मी काचेपलीकडून पाहिली. डोळे मिटलेले. बाजूला धीरजराव उभे होते. त्यांनी मला खुर्ची दिली, एवढं मात्र लिहून ठेवते.

२६ मे

बाळाच्या रक्तातही आहे. चालतं त्याहून कितीतरी जास्त. मी डॉक्टरांना विचारलं, याचं काय होईल? त्यांनी शांतपणे सांगितलं की आत्ता काही सांगता येत नाही. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित बोलायला उशीर होईल, शिकायला जड जाईल, हट्टी होईल, चंचल होईल. ते दिसायला वर्षं लागतात. तोवर रक्त तपासत राहायचं आणि बघत राहायचं. दूध द्यायचं की नाही हेही नंदिनीच्या आकड्यावर ठरणार.

प्रेमदासांची दोन बोटं आज किंचित वर उचलली गेली. त्यांनी ती मला दाखवली नाहीत, मी चोरून पाहिली.

१ जून, रविवार

नंदिनी बाळाला घेऊन घरी आली आहे. कारंज्याला जाते म्हणत होती, पण तपासणीसाठी वर्धा इथून जवळ, म्हणून राहिली. त्याच कारणासाठी राहिली, हे तिने स्वच्छ सांगितलं. बाळाला मी अजून मांडीवर घेतलेलं नाही. तिने दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

हंडा धीरजराव गोणपाटात बांधून कुठेसा घेऊन गेले. मी विचारलं नाही.

दुपारी कांता आली. अडाणी म्हटल्यापासून पहिल्यांदाच. सरळ बैठकीत येऊन बसली, बाळाजवळ वाकली आणि बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगितलं होतं. पण ती नंदिनीला म्हणाली, "बाय, पोरीवरून मीठमिरची उतरवून टाकू का? झालं ते झालं. आता पुढं नजर नको लागाले."

या घरात ते कधी झालेलं नाही. प्रेमदासांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. माझ्या ओठांवर सगळं तयार होतं, वर्गात किती वेळा बोललेलं.

"नंदू," मी म्हटलं, "ते शिसं आहे. मिरच्यांनी ते उतरत नाही."

"मले माहीत हाय आई, शिसं काय असते," नंदिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डॉक्टर म्हणते, काही करता येत नाई, पाहत राहा. तू म्हणते, मिरचीनं होत नाई. मंग काय करू मी? इतके दिवस तू देशीन ते पेत होती ना मी? पोट दुखत होतं तरी पेली. आज मावशी म्हणते ते करू दे."

कांता माझ्याकडे बघत होती. तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं, तिला वाईट वाटत होतं, आणि त्याने मला जास्त लाज वाटली.

"मीठ आन् सुक्या मिरच्या लागतीन बाई," ती हळूच म्हणाली.

मी उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले तेव्हा मागून नंदिनीची हाक आली.

"आई, काचेच्या वाटीत आणजो."

मी काचेच्या वाटीत आणलं.